बीजाला जाग येते तेव्हा...

शुक्राणूशिवाय बीजांड वाढेल का, हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना. आमच्या राधानगरीच्या घरात तो आला वहिनींमुळे. शुक्राणू थेट टोचूनही त्यांची बीजं फळली नाहीत. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला बीज औषधानं जागं करून बघू. वहिनींना धास्ती वेगळीच, "भावजी, मग ते मूल दोघांचं ना?"

नुसतं 'हो' म्हणून भागलं असतं. पण मंडळी, यामागची गोष्ट मोठी आहे.

1899 साली जॅक लोब यांनी अमेरिकेत समुद्राच्या पाण्यातले क्षार बदलून सी-अर्चिन या काटेरी प्राण्याची अंडी शुक्राणूशिवाय वाढवली. 1910 मध्ये फ्रान्सच्या बातायों यांनी बेडकाची अंडी रक्तात बुडवलेल्या सुईनं टोचली, तर काहींतून बेडूकमासे निघाले! 1930 च्या दशकात ग्रेगरी पिंकस यांनी बिनबापाच्या सशांचा दावा केला, तो मात्र इतरांना साधला नाही. हेच पिंकस पुढे गर्भनिरोधक गोळीचे एक जनक ठरले.

सस्तन प्राण्याचं बीजांड विभाजनाच्या मध्येच थांबून राहतं. शुक्राणू आत एक प्रथिन नेतो, त्यानं कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि थांबलेलं काम पुढे सरकतं. विजेचा झटका, अल्कोहोल किंवा आयनोफोर नावाचं रसायनही बीजांडातलं कॅल्शियम वाढवतं. करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत 2009 साली म्हशीचं क्लोन रेडकू जन्मलं. तिथंही दुसऱ्या पेशीचं केंद्रक घातलेलं बीजांड शुक्राणूशिवायच जागं करावं लागलं.

मग नुसत्या आईपासून मूल का होत नाही? 1984 मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी आणि अमेरिकेत डेव्हर सोल्टर यांनी उंदरांवर दाखवलं की काही जनुकं फक्त आईकडची चालतात, काही फक्त बापाकडची. एकाच बाजूचा संच असेल तर गर्भ अर्ध्यावर संपतो. 2004 साली जपानमध्ये दोन आयांची 'कागुया' ही उंदरीण जन्मली, तीही जनुकं मुद्दाम बदलल्यावरच.

वहिनींच्या बाबतीत शुक्राणू आधी आत सोडतात, मग औषध. म्हणजे औषध देतं तो फक्त धक्का. निम्मी जनुकं दादाचीच. यश दर वेळी येतंच असं नाही, हेही मी त्यांना सांगितलं. पण मूल झालं तर ते दोघांचंच.