पाटाच्या उगमाशी

शिर्डी-राहात्याकडच्या आपण बायका पाटाला आवर्तन कधी सुटणार याची वाट बघत मोठ्या झालो. पाटाचं पाणी आलं की विहिरीला पाझर फुटतो आणि गावाचा साठवण तलाव भरतो. पण हा गोदावरीचा उजवा कालवा जिथून निघतो, ते नांदूर मध्यमेश्वर आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय? आज तिथली गोष्ट सांगतो. तिच्या जोडीला आपल्याच जिल्ह्यातली दुसरीही सांगतो, कारण एकीवाचून दुसरी नीट कळत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. वर दारणा धरण झालं ते १९१६ साली, म्हणजे बाबांनी शिर्डीत देह ठेवला त्याच्या दोन वर्षं आधी. हे सगळं दुष्काळी मुलखाला पाणी द्यायला. पक्ष्यांचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. पण बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी पसरलं, मधे बेटं झाली, लव्हाळं माजलं. पक्ष्यांना हेच हवं होतं. हिवाळ्यात दूरदेशीची बदकं, चक्रवाक, करकोचे उतरायला लागले. चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, कधी रोहित. १९८६ साली सरकारने तिथे सुमारे १०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं.

आता हा आकडा बघा. २०२० मध्ये हीच जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. रामसर हे इराणमधलं गाव. जगातली महत्त्वाची पाणथळं जपण्याचा करार १९७१ साली तिथे झाला. त्या यादीत नांदूरची पाणथळ जागा आहे सुमारे १४ चौरस किलोमीटर. म्हणजे १०० चौरस किलोमीटरमधला मोठा भाग पाण्याचा नाही. ती गावं आणि शेतं आहेत. तिथल्या माणसांशी बोलल्याशिवाय पक्षी सांभाळता येणारच नव्हते.

न बोलता काय होतं, ते बघायला आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला जाऊ. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून जवळपास ८,५०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आलं. आपल्याकडचे कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा तालुके त्यात गेले. माळढोक उघड्या माळावर, जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुधा वर्षाला एकच. त्याला जपायला हवंच होतं. पण नकाशावर रेघ ओढली तेव्हा तिच्या आत हजारो कुटुंबांच्या जमिनी, घरं, बाजारपेठा, रस्ते आले. जमीन विकायची, काही बांधायचं, तर परवानगीचा खेटा. पोरीच्या लग्नाला एकरभर रान विकू म्हटलं तरी अडचण. अशा घरात माळढोकाचं नाव प्रेमाने कोण घेणार? शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अभयारण्य कमी करत सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळरानं नांगराखाली गेली होती, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते. सगळा दोष त्या रेघेचा नाही. ज्या पाटाच्या पाण्याने नांदूरला पक्षी आले, तसंच पाणी माळावर पोचलं आणि तिथं ऊस उभा राहिला. माळढोकाचं घर गेलं.

कर्जत तालुक्यातच रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झालं. ते दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचं, एवढंसं. तिथे काळवीट टिकले, वाढलेही. पण कळपाला हद्द कळत नाही, तो शेजारच्या ज्वारीत शिरतो. पीक राखायला रात्र जागवायची, पंचनाम्याला धावायचं, हे पुन्हा शेजारच्या घरांवरच येतं.

नांदूरला वाट थोडी वेगळी निघाली. चापडगावला पाण्याकाठी मनोरे उभे राहिले आणि वनविभागाने गावातल्याच मुलांना पक्षी ओळखायला शिकवलं. आज पाहुणा आला की तीच मुलं दुर्बीण घेऊन सोबत जातात, त्यांची कमाई होते. ज्याची भाकरी पक्ष्यावर आहे, तो शिकाऱ्याला स्वतःच हटकतो. सगळं गोड आहे असं मात्र नाही. वरून शहरांचं सांडपाणी येतं, पाणवेली माजते, गाळ वाढतोच आहे. तो काढावा तर पाणी साठेल, पण पक्ष्यांची उथळ जागा जाईल. खालच्या आपल्या शेतांना पाणी हवं, वरच्या पक्ष्यांना चिखल हवा. हा वाद खोटा नाही, आणि त्यात आपणही एक बाजू आहोत.

मग हे ठरवायचं कुणी? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सगळा अधिकार सरकारचा होता. २००२ साली त्यात दुरुस्ती झाली. अभयारण्याला सल्लागार समिती असावी आणि तिच्यात पंचायतींचे तीन प्रतिनिधी असावेत, असं आलं. गावाने आपणहून दिलेल्या जमिनीवर ‘समुदाय राखीव’ क्षेत्र करता येतं, त्याच्या समितीतही गावाची माणसं असतात. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यातल्या वनजमिनीलाही लागू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे हक्क ठरवणाऱ्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी निदान एक तृतीयांश बायका लागतात. त्या नसतील तर सभेचा कोरमच होत नाही.

आणि पंचायतीत आपल्या निम्म्या जागा आहेत. सल्लागार समितीतले ते तीन प्रतिनिधी सरपंचबाई असू शकतात. आम्ही चापडगावला गेलो तेव्हा दुर्बिणी सगळ्या पोरांच्याच गळ्यात होत्या. काठावर गवत कापत असलेल्या एका मावशींना सहज विचारलं, बदकं यंदा कधी आली? त्यांनी विळा खाली ठेवला, कुठलं बदक आधी आलं, कुठलं मागून, कुणी हरभऱ्यात चोच घातली, सगळं सांगितलं. समितीच्या बैठकीला कधी बोलावतात का, असं विचारल्यावर त्या हसल्या आणि पुन्हा गवत कापायला लागल्या.