तारुण्याचा अर्क

मृत्यूचें भय सर्वांस ठाऊक आहे. परंतु कित्येकांस मृत्यूपेक्षां वार्धक्याचीच धास्ती अधिक असते. पहिला पांढरा केस दिसतांच जो आरसा टाळूं लागतो, त्याची आपण थट्टा करतों. ती करण्यापूर्वीं पॅरिसमधील एका थोर शास्त्रज्ञाची हकीकत ऐकावी.

शार्ल एदुआर ब्राउन-सेकार हा १८१७ सालीं मॉरिशस बेटांत जन्मला. मज्जारज्जूवरील संशोधनामुळें एका विकारास आजही त्याचें नांव आहे. १८७८ सालीं क्लोद बर्नार्दसारख्या विद्वानाच्या जागीं त्याची नेमणूक झाली. असा हा साक्षेपी पुरुष १ जून १८८९ रोजीं पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळापुढें उभा राहिला आणि म्हणाला कीं, कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणग्रंथींचा अर्क आपण सुईनें टोचून घेतला असून गेलेली शक्ति परत आली आहे. त्या वेळीं त्याचें वय ७२ होतें. पूर्वीं प्रयोगशाळेंत अर्धा तास उभें राहिल्यावर त्यास बसावें लागे. आतां तो तासचे तास उभा राही, जिनाही झपाट्यानें चढे. हाताची पकड यंत्रानें मोजून त्यानें आंकडेही दिले! माझीही साठी उलटली असल्यामुळें मला त्यास हसवत नाहीं.

लबाडी त्यांत तिळमात्र नव्हती. अर्क तो वैद्यांस फुकट पुरवी. पैसे केले ते दुसऱ्यांनीं. मग खरें काय घडलें? वृषणांतील मुख्य द्रव्य, टेस्टोस्टेरॉन, १९३५ सालीं वेगळें काढण्यांत आलें. तें पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, आणि ब्राउन-सेकारचा अर्क तर पाण्यांतला! २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं त्याच्याच कृतीनें अर्क काढून पाहिला; त्यांत तें द्रव्य परिणाम होण्याइतकें आढळलें नाहीं. म्हणजे म्हातारा जिना चढला तो निव्वळ विश्वासाच्या बळावर. माझ्या मतें मर्म येथेंच आहे: जिना चढण्याची ताकद त्या पायांत होतीच, कांहीं अंशीं तरी भीतीनेंच त्यांस जखडून ठेवलें होतें. १८९४ सालीं, ७६ व्या वर्षीं तो वारला.

तरीही १९२० पासून सर्ज व्होरोनॉफ या शस्त्रवैद्यानें वानरांच्या ग्रंथींचे काप मनुष्याच्या अंगीं बसविण्यास आरंभ केला, आणि धनिक गिऱ्हाइकांची वाण पडली नाहीं. परक्या प्राण्याचा असा तुकडा शरीर टिकूं देत नाहीं, हें आज आपणांस ठाऊक आहे. इटलीच्या किनाऱ्यावर त्यानें याच कामासाठीं वानरें पाळलीं होतीं. त्या मुक्या जिवांच्या तारुण्याचा विचार गिऱ्हाइकांच्या मनांत आल्याचें दिसत नाहीं.