जे आधी होईल ते

मागच्या शनिवारी वरवंडला गेलो तेव्हा वडील गाडीचं सर्व्हिस बुक घेऊन ओट्यावर बसले होते. गाडीला जेमतेम दहा महिने झालेत. इंजिनातून ऑईल गळायला लागलं म्हणून डीलरकडे नेली, तर उत्तर मिळालं, "वॉरंटीत बसत नाही. तिसरी फ्री सर्व्हिसिंग वेळेत झालेली नाही."

"अरे, पण तेवढे किलोमीटर तरी कुठे झालेत?" वडिलांचा प्रश्न.

किलोमीटर झालेच नव्हते. घर ते मळा, मळा ते डेअरी, एवढंच रनिंग. पण पुस्तकात छापलंय, अमुक किलोमीटर किंवा अमुक दिवस, 'जे आधी होईल ते'. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ही 'ऑर'ची अट. वडिलांनी ती 'अँड' म्हणून वाचली. असो.

मग साहजिकच आजोबांच्या चेतकचा विषय निघाला.

बजाज आधी इटलीच्या पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायची. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. कारखाना आपल्या आकुर्डीत, पण म्हणून पुणे जिल्ह्यातल्या माणसाला गाडी लवकर मिळायची असं अजिबात नाही. किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवान्यावर ठरायचं आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे. आजोबांनी 1974 ला नंबर लावला, गाडी आली 1982 ला! अशा काळात डीलरचं मुख्य काम म्हणजे यादी सांभाळणं. गिऱ्हाईकच त्याचे उपकार मानायचं, तक्रार कसली करणार?

त्यामुळे देखभाल आपल्याच अंगावर. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, प्लगमध्ये कचरा आला की पॉलिश पेपरने घासायचा, तरी सुरू झाली नाही तर गाडी एका अंगावर कलती करून परत किक मारायची. आजोबा हे सगळं स्वतः करायचे.

चित्र पालटलं ते 80 च्या दशकात. हिरो होंडाची फोर स्ट्रोक सीडी 100 1985 मध्ये आली. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट गेली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागता येऊ लागली. 1991 नंतर परवाना राज संपलं. आता गिऱ्हाईक दुसऱ्या शोरूमला जाऊ शकत होतं, तेव्हा कुठे डीलरला वर्कशॉपचं महत्त्व कळलं. 2019 च्या नव्या ग्राहक कायद्यात तर उत्पादकाबरोबर विक्रेता आणि सेवा देणारा यांचीही जबाबदारी वेगळी मांडली आहे.

म्हणजे वॉरंटी ही मेहेरबानी नाही, तो करार आहे. आणि करार समजावून सांगणं हे डीलरचं काम आहे असं माझं मत. गाडी घेताना हार घातला, पेढा दिला, चावीसकट फोटो काढला. 'किलोमीटर कमी झाले तरी तारखेला या' हे एक वाक्य मात्र कुणी बोललं नाही. दुसरीकडे, पुस्तक आपणही उघडलं नाही, हेही खरं. वर्कशॉपला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून चेन आणि एअर फिल्टर गावातल्या मिस्त्रीकडेच साफ करून घेतले. काम झालं, पण पुस्तकात शिक्का नाही.

सध्या कंपनीला लेखी अर्ज दिलाय, सोबत जॉब कार्डच्या झेरॉक्स जोडल्यात. बघू काय होतं ते. भावाच्या गाडीच्या तारखा मोबाईलमध्ये टाकून ठेवल्या.

वडील एवढंच म्हणाले, "तुझ्या आजोबांना त्यांनी आठ वर्षं थांबवलं. आपल्याला आठ दिवस उशीर झाला तर चालत नाही होय?"