सुपरनोड व संदर्भ नोड

विद्युत् मंडलातील निरनिराळ्या संधिबिंदूंचे, म्हणजेच नोडांचे, दाब अज्ञात मानून समीकरणे मांडण्याची जी पद्धती अभियांत्रिकीत रूढ आहे, तिच्यात ज्या नोडचा दाब शून्य धरून बाकीच्यांचे दाब मोजले जातात तो संदर्भ नोड अथवा ग्राउंड. आणि संदर्भाव्यतिरिक्त ज्या दोन नोडांमध्ये व्होल्टेज सोर्स बसलेला असतो, ते दोन्ही त्या सोर्ससकट एकाच बंद हद्दीत घेतले असता बनतो तो सुपरनोड. पाठ्यपुस्तके बहुधा या दोन कल्पना वेगवेगळ्या शिकवितात. वस्तुतः दुसरी पहिलीच्या पोटातून निघते, आणि तेच येथे मुख्यतः सांगावयाचे आहे.

गुस्टाफ किरखोफ याने १८४५ साली, कोनिग्सबर्ग येथे विद्यार्थिदशेत असताना, जे दोन नियम मांडले त्यांपैकी प्रवाहाच्या नियमावर ही पद्धती उभी आहे: नोडमध्ये जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडतो. जोडलेल्या मंडलात नोड कितीही असोत, स्वतंत्र समीकरणे त्यांच्याहून एकाने कमीच मिळतात, कारण शेवटच्या नोडचा हिशेब इतरांच्या हिशेबात अगोदरच येऊन गेलेला असतो. म्हणून एका नोडचा दाब आपणच ठरवून द्यावा लागतो. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पोहोचले की इशारा आणि ४३ फुटांना पोहोचले की धोका, हे आकडे कोल्हापुरात पावसाळ्यात सर्वांच्या तोंडी असतात; परंतु मोजपट्टीचे शून्य माणसांनी नेमलेले आहे. ते फूटभर खाली नेमले असते, तर धोक्याचा आकडा ४४ झाला असता. पूर मात्र तसूभरही वाढला नसता, आणि इशारा व धोका यांतील ४ फुटांचे अंतर जसेच्या तसे राहिले असते. विद्युत् दाबाची गोष्ट अगदी हीच आहे.

रोधातून किती प्रवाह जाईल हे त्याच्या दोन टोकांच्या दाबांवरून ओहमच्या नियमाने काढता येते. आदर्श व्होल्टेज सोर्सच्या बाबतीत ते शक्य नसते. तो आपल्या टोकांमधील दाबाचा फरक कायम राखतो, प्रवाह किती द्यावा वा घ्यावा हे मात्र उरलेले मंडल ठरविते. सोर्समधून प्रवाहच जात नाही असे समजून समीकरण लिहिण्याची चूक नवशिक्यांकडून वारंवार होते, आणि ती मुळापासून उत्तर बिघडविते. योग्य तजवीज अशी, की सोर्स व त्याची दोन्ही टोके यांभोवती हद्द आखावी आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहांचे समीकरण लिहावे. सोर्सचा प्रवाह हद्दीच्या आतच राहिल्यामुळे तो लिहावा लागत नाही. दुसरे समीकरण सोर्स स्वतः पुरवितो.

एक उदाहरण घेऊ. ग्राउंडमधून क या नोडमध्ये करंट सोर्स ९ अँपिअर प्रवाह आणतो. क पासून ग्राउंडपर्यंत २ ओहमचा आणि ख पासून ग्राउंडपर्यंत ४ ओहमचा रोध आहे. क व ख यांच्यामध्ये ६ व्होल्टची बॅटरी असून तिचे धन टोक क कडे आहे, आणि तिला समांतर ६ ओहमचा रोध जोडला आहे. सुपरनोडचे समीकरण: क चा दाब भागिले २, अधिक ख चा दाब भागिले ४, बरोबर ९. बॅटरीची अट: क चा दाब ख पेक्षा ६ ने अधिक. यांवरून क चा दाब १४ व्होल्ट आणि ख चा ८ व्होल्ट येतो. ७ व २ मिळून ९ अँपिअर, बाकी शून्य. समांतर रोधाचा समीकरणात मागमूस नाही, कारण तोही हद्दीच्या आतच आहे. त्यातून १ अँपिअर जातो. तेव्हा क वरचा हिशेब जुळण्यासाठी आणखी १ अँपिअर बॅटरीच्या धन टोकातून आत शिरलाच पाहिजे, म्हणजे ही बॅटरी वीज देत नसून भारित होत आहे.

आता ग्राउंड उचलून ख वर ठेवू. क चा दाब तत्काळ ६ व्होल्ट होतो, सोडविण्यासारखे त्यात काही उरत नाही. अज्ञात एकटा जुना ग्राउंड, आणि एका साध्या समीकरणाने त्याचा दाब उणे ८ येतो. सुपरनोड नाहीसा झाला, तरी रोधांतील प्रवाह व दाबांतील फरक होते तेच राहिले. सुपरनोड हा मंडलाचा जन्मजात गुण नव्हे, संदर्भ कोठे नेमला त्याचा तो परिणाम होय. आणि म्हणूनच, ज्या नोडवर अधिकांत अधिक व्होल्टेज सोर्स येऊन मिळतात त्याला ग्राउंड करण्याचा शिरस्ता अनुभवी मंडळी पाळतात. सोर्स एकमेकांपासून अलग असले तर मात्र सुपरनोड टळत नाही.

हिशेबातला ग्राउंड आणि जमिनीतले अर्थिंग यांची गल्लत करू नये. दुचाकीच्या वायरिंगमध्ये गाडीची चौकट ग्राउंड असते, जमिनीशी तिचा संबंध टायरांमुळे तुटलेलाच असतो. उलट कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारखान्याबाहेर मीठ व कोळसा भरून पुरलेले अर्थिंग माणसाच्या जिवाच्या रक्षणासाठी आहे; मंडल सोडविण्यासाठी त्याची गरज नाही. डीपीवरील न्यूट्रल हा नोड असा, की ज्यात दोन्ही अर्थ एकत्र येतात, आणि तो तुटला म्हणजे संदर्भाचे महत्त्व घरोघर प्रत्ययास येते. दोन फेजांवरील दोन घरे मग ४०० व्होल्टांच्या दाबाखाली एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. एकाचा भार १० ओहम आणि दुसऱ्याचा ४० ओहम असला, तर पहिल्याला ८० व्होल्ट मिळतात आणि कमी भाराच्या दुसऱ्या घरात ३२० व्होल्ट शिरून उपकरणे जळतात. तुटलेल्या न्यूट्रलचा दाब तेथे कोणी नेमून दिलेला नसतो; किरखोफचा नियम जेथे नेईल तेथे तो जाऊन बसतो.

संगणकाला सुपरनोड ओळखत बसण्यापेक्षा सोर्सचा प्रवाह हाच आणखी एक अज्ञात मानणे सोपे जाते. ही सुधारित नोड-पद्धती रूली, ब्रेनन व हो या तिघांनी १९७५ साली प्रसिद्ध केली, आणि बर्कली येथे निर्माण झालेल्या स्पाइस या आज्ञावलीच्या पुढील आवृत्त्यांनी ती स्वीकारली. ग्राउंडपासून मात्र संगणकाचीही सुटका नाही: स्पाइसमध्ये शून्य क्रमांकाचा नोड असावाच लागतो, आणि एखाद्या नोडपासून त्याच्यापर्यंत एकदिश प्रवाहाची वाट नसेल, तर आज्ञावली उत्तर न देता तक्रार नोंदविते.