रुग्णालयात दाखल असताना होणारे जंतुसंसर्ग : रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहिती

एका आजारासाठी रुग्ण दाखल होतो, त्यातून सावरू लागतो आणि चौथ्या दिवशी थंडी वाजून नवा ताप येतो. दाखल होताना शरीरात नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग रुग्णालयातच लागला असे धरतात. ऑपरेशनच्या जखमेसाठी ही मुदत मोठी आहे. जखमेतला संसर्ग ३० दिवसांपर्यंत आणि कृत्रिम सांधा किंवा प्लेट बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत दिसू शकतो, म्हणजे घरी गेल्यावरही.

"एवढ्या मोठ्या दवाखान्यात इन्फेक्शन झालंच कसं?" हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, दाखल असलेल्या १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. प्रत्येक वेळी हलगर्जीच असते असे नाही, पण यातले बरेच संसर्ग टाळता येतात हेही तितकेच खरे आहे.

नळी जितके दिवस, तितका धोका

आपली त्वचा जंतूंना बाहेर थोपवते. सलाइन, लघवीची नळी, व्हेंटिलेटर या सगळ्यांसाठी त्या तटबंदीत वाट काढावी लागते. बहुतेक वेळा जंतू रुग्णाच्याच त्वचेवरचे किंवा आतड्यातले असतात. उरलेले हातांवरून येतात.

लघवीची नळी सर्वांत नेहमीची. ती आत असताना दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. म्हणून राउंडला आलेल्या डॉक्टरांना रोज एकच प्रश्न विचारा : "ही नळी अजून लागते का?" असे विचारण्यात आगाऊपणा नाही. म्हाताऱ्या माणसाला उठवून बाथरूमला न्यायला लागू नये, एवढ्या सोयीसाठी नळी ठेवायचा आग्रह धरू नका. हा आग्रह बऱ्याचदा घरच्यांचाच असतो. पिशवी कायम कमरेच्या खाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी. रुग्णाला स्ट्रेचरवर हलवताना ती पोटावर ठेवली तर लघवी उलटी मूत्राशयात जाते. मात्र लघवी नुसती गढूळ दिसते म्हणून अँटिबायोटिक मागू नका. नळी असताना लघवीत जंतू सापडणे आणि संसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणे किंवा वयस्कर रुग्णाचे अचानक असंबद्ध बोलणे दिसले, तर ताबडतोब सांगा.

सलाइनच्या सुईभोवती लाली, सूज, दुखणे किंवा ओलसरपणा दिसला तर सिस्टरना लगेच दाखवा. सुई बदलावी लागेल. आयसीयूत मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. त्या नळीच्या पट्टीला नातेवाइकांनी हात लावू नये.

व्हेंटिलेटरवर न्यूमोनियाचा धोका मोठा असतो, कारण तोंडातली लाळ आणि जंतू फुप्फुसात उतरतात. त्यासाठी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात आणि तोंड स्वच्छ ठेवतात. नाकातून नळीने अन्न देतानाही रुग्ण सपाट झोपलेला नसावा. घरी नळी घेऊन आलेल्या रुग्णालाही हे लागू आहे.

ऑपरेशनची जखम

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्युडोमोनास या जंतूच्या संसर्गाने पाच रुग्णांची एका डोळ्याची दृष्टी गेली. थिएटरची स्वच्छता रुग्णाच्या हातात नसते. पण तीन गोष्टी असतात : साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू-सिगारेट आधीपासून बंद करणे आणि आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस न काढणे. वस्तऱ्याने बारीक चिरा पडतात आणि जंतूंना तिथे जागा मिळते. घरी गेल्यावर जखमेवर हळद किंवा कोणतीही पूड लावू नये.

औषध लागू न पडणारे जंतू

क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे रुग्णालयातले काही जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नाहीत. म्हणून शक्य असेल तेव्हा औषध सुरू करण्याआधी रक्त, लघवी किंवा पू कल्चरला पाठवतात. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यानंतर औषध बदलले तर आधीचे चुकले असे समजू नये. कधी महागडे औषध काढून साधेच दिले जाते. तीही चांगलीच बातमी आहे. अँटिबायोटिक चालू असताना दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब होऊ लागले तर सांगा. ते औषधामुळे वाढलेल्या जंतूंचे असू शकतात.

भेटायला येणारे

आपल्या कोल्हापुरात सीपीआरला कुणी दाखल झाले की गावाकडून गाडी भरून पाहुणे येतात. माया खरी आहे, पण गर्दी कमी करा. एका वेळी एकच जण आत जा, आणि सर्दी, ताप किंवा जुलाब असलेल्याने येऊ नये. कॉटवर बसू नका. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा : सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६० सेकंद. जुलाब असलेल्या रुग्णाजवळ साबण-पाणीच वापरा, कारण त्यातल्या काही जंतूंवर सॅनिटायझर चालत नाही. ड्रेसिंगला आलेल्या डॉक्टर, सिस्टर किंवा मामांना "हात धुतले का?" असे नम्रपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मला विचारले तर मी रागावत नाही.

घरी गेल्यावर

डिस्चार्ज कार्डवर कोणती नळी कधी काढली आणि अँटिबायोटिक किती दिवस घ्यायचे, हे लिहून घ्या. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधीयुक्त पाणी आले, जखमेभोवतीची लाली पसरू लागली किंवा लघवीला जळजळ झाली, तर ते कार्ड घेऊन ऑपरेशन झालेल्या डॉक्टरांकडेच जा. दुकानातून परस्पर गोळ्या घेतल्या तर कल्चरमध्ये जंतू सापडणे अवघड होते. धाप लागणे, गुंगी, हातपाय गार पडणे किंवा लघवी कमी होणे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा.