शुगरच्या रिपोर्टवरचे शब्द : कोणत्या आकड्याचा अर्थ काय?

जालना : लॅबमधून रिपोर्ट हातात पडला की घरात एकच प्रश्न, "शुगर किती आली?" पण शुगर म्हणजे एक आकडा नव्हे. फास्टिंग नॉर्मल आली म्हणून परस्पर गोळी बंद करणारे गावोगाव आहेत, आणि नुकसान तिथंच होतं. रिपोर्टवर आणि डॉक्टरांच्या बोलण्यात येणारे नेहमीचे शब्द असे :

चयापचय : खाल्लेल्या अन्नाची शरीरात होणारी उलाढाल. त्यातून ताकद मिळते, उरलेलं चरबी म्हणून साठतं.

इन्सुलिन : रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणारं संप्रेरक. ते कमी पडलं किंवा शरीर त्याला दाद देईना, की साखर रक्तातच साचते. हाच मधुमेह.

फास्टिंग : किमान आठ तास उपाशीपोटी केलेली तपासणी. पाणी चालतं, चहा नाही. १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ पासून पुढं मधुमेह. त्रास नसेल तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात.

पीपी : जेवणानंतर दोन तासांनी. निरोगी माणसाची १४० च्या आत असते.

एचबीएवनसी : मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. तपासणीआधी चार दिवस गोड सोडून हा आकडा फसत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा चुकू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांना दाखवावा.

क्रिएटिनिन : किडनी लघवीवाटे बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. रक्तात वाढला तर किडनीचं काम मंदावलं समजावं. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की किडनी, डोळे आणि पायाच्या नसा खराब होतात. सुरुवातीला दुखत काहीच नाही.

हायपो : शुगर ७० च्या खाली जाणं. गोळी घेतली आणि जेवण राहिलं, की घाम, थरथर, अंधारी येते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं.

कर्बोदके : पोटात गेल्यावर ज्यांची साखर होते ते पदार्थ. भाकरीतही ती असतात, पण ज्वारी-बाजरीतल्या चोथ्यामुळं शुगर सावकाश चढते. उपवासाचा साबुदाणा जवळपास सगळा पिठूळच. गूळ ही साखरच. अंबड-घनसावंगीकडची मोसंबी फोडी करून खावी. रस काढला की चोथा जातो आणि एका ग्लासात तीन-चार फळं पोटात जातात.

"मी तर बारीक आहे, मला कशी होईल?" असंही विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत आई-बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं वजनानं हलकी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे वरून बारीक दिसणाराही सुटत नाही.

गोळी चालू असताना शुगर नॉर्मल येणं म्हणजे गोळी लागू पडतेय. ती कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तिशी ओलांडलेल्यांची शुगर आणि बीपी सरकारी उपकेंद्रात मोफत तपासतात. गावातल्या आशाताईंना विचारावं, आणि जाताना जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.