घोडीची गोळी आणि रानकंद

१९४२ साली अमेरिकेच्या बाजारात 'प्रेमारिन' नावाची गोळी आली. कानाला गोड वाटणारं हे नाव 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' या तीन शब्दांतली अक्षरं जुळवून केलेलं. गाभण घोडीच्या लघवीत इस्ट्रोजेन पुष्कळ असतं; ते वेगळं काढून ही गोळी व्हायची. त्यासाठी घोड्या महिनोन्महिने अरुंद ठाणात उभ्या.

याआधीची गोष्ट बायकांच्याच शरीरावरची. १८७२ मध्ये रॉबर्ट बॅटी या अमेरिकन सर्जनने पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून बीजांडं काढायला सुरुवात केली. ती शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली, आणि तरण्या बायकांना एका दिवसात उतारवय आलं. मग १८९०च्या दशकात जर्मनीत अशाच बायकांना प्राण्यांच्या बीजांडांचा अर्क देऊन पाहिला. म्हणजे हार्मोनचा उपचार मुळात सुरू झाला तो शस्त्रक्रियेनं पाळी गेलेल्यांसाठी. हे पुढं सगळे विसरले.

१९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने 'फेमिनिन फॉरेव्हर' लिहून पाळी जाणं हा रोगच ठरवला. गोळी धडाक्यानं खपली. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो असं दिसलं. म्हणून गर्भाशय असणाऱ्यांना जोडीला प्रोजेस्टिन आलं. २००२ मध्ये या जोडगोळीचा १६,६०८ बायकांवरचा अमेरिकन अभ्यास मध्येच थांबवला. दरवर्षी दहा हजारांमागे स्तनाच्या कॅन्सरचे ८ रुग्ण जास्त निघत होते. त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ जणींचा अभ्यास वेगळा होता, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन होतं. तोही २००४ मध्ये पक्षाघाताच्या धोक्यामुळं थांबला, पण त्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला नव्हता. पहिली बातमी घरोघरी पोचली, दुसरी पोचलीच नाही.

माझं गर्भाशय आणि दोन्ही बीजांडं काढली तेव्हा मी ४३ वर्षांची होते. आठवड्याभरात अंगातून वाफा सुरू. जाऊबाई म्हणाल्या, "हार्मोननं कॅन्सर होतो म्हणे, सोसून घ्या." सासूबाईंचं म्हणणं, आपोआप जातं. डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट सांगितलं: इतक्या लवकर बीजांडं गेली की हाडं आणि हृदय दोन्हींना धोका, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास नसेल, तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन घेणं बरं. गर्भाशय नाही, तेव्हा प्रोजेस्टिनचीही गरज नाही.

मी विचारलं, "घोडीची गोळी नको. दुसरं काही?" त्या म्हणाल्या, "कातडीला लावायचं जेल आहे. सोयाबीन नाहीतर रानकंदापासून करतात. त्यात गुठळीची भीतीही कमी."

घोडी सुटली तर कंद आला! आमच्या घरात बटाटाही येत नाही. पण हे खरंच आहे, १९४०च्या दशकात रसेल मार्करने मेक्सिकोतल्या रानकंदापासून हार्मोन बनवलं आणि प्राण्यांवरचं अवलंबून राहणं कमी केलं. श्रावकाला संकल्पी हिंसा वर्ज्य, आरंभी हिंसा जमेल तितकी कमी करायची, एवढंच मी धरलं. जिभेच्या चवीसाठी कंद खाणं वेगळं, हाडं टिकवायला कंदातून आलेलं औषध वेगळं. पंचेंद्रिय जीव ठाणात बांधून ठेवण्यापेक्षा हे मला पटलं. जेल घेतलं. दर वर्षी तपासणी करते, पुढचं तेव्हा ठरवते.

ठरवता आलं, कारण कुणीतरी सांगितलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बीडकडच्या टोळ्या आमच्या सीमाभागातल्या कारखान्यांवरही येतात. कोयता हातात, वय तिशीचं. पिशवी काढली एवढं त्यांना ठाऊक असतं. बीजांडं ठेवली की काढली, हे कितीजणींच्या कागदावर आहे? पुढचा सगळा निर्णय त्या एका ओळीवर उभा असतो. ती ओळ मागून घ्यायची, हे आपण प्रत्येकीला सांगू शकतो.